खिरीच्या वाट्यांतला मध

इंदूरच्या सुदामा नगरात मंजुळाताईंचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. जावाजावांचं पटत नाही असं सगळं जग म्हणतं. आमचं पटतं, कारण त्या कधी भांडत नाहीत आणि एकटीने भांडायला मजा येत नाही. मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे म्हणाल, ही बाई उगाच विहार समितीच्या शंकररावजींच्या मागे लागली आहे.

ताई विमा कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्या, तेव्हा लोकांनी त्यांना शाल दिली आणि गुडघे सांभाळा असं सांगितलं. ताईंनी शाल आईला दिली आणि स्वतःसाठी ओव्हन घेतला. त्याला कारण झाली त्यांची लेक मैत्री. ती तुकोगंजमधल्या एका ऑफिसात आहे. बढती मिळाली त्या दिवशी तिने तिकडच्या कॅफेतून एक खोका आणला. आत वाटीएवढे लहान लहान पांढरे गोळे होते, कडेने बदामी झालेले, वर मध आणि अक्रोडाचे तुकडे. त्याला रिकोटा म्हणतात म्हणे. इटलीकडचं ताजं, मऊ चीज, साखर घालून भट्टीत भाजलेलं. ताईंच्या आई जनाबाई महूचं घर सोडून लेकीकडे राहायला आल्या आहेत. त्यांना आता दात नाहीत. त्यांनी तो अख्खा गोळा जिभेवर विरघळवला आणि विचारलं, "कोणाची गाय व्याली गं?"

खरवसाची चव बरोबर ओळखली होती म्हातारीने. ताई तेव्हाच म्हणाल्या, हे मी करणार.

पहिल्यांदा ताईंनी तेच केलं, जे आपल्यातली कुठलीही बाई करेल. दूध लिंबाने फाडलं, फडक्यात बांधलं आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखं रात्रभर खुंटीला टांगलं. सकाळी भाजून निघालं ते असं की माझे दीर म्हणाले, याने पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येईल. ताई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध तापवलं. आपल्याला लहानपणापासून फडकं पिळायलाच शिकवलेलं. इथे थोडं पाणी आत राखायचं असतं. ते हाताला कळेपर्यंत आम्ही दोन्ही घरांनी मुकाट्याने पुष्कळ खोडरबर खाल्ले. मग एका रविवारी वाटी ओव्हनमधून बाहेर आली, मधोमध जराशी थरथरली, आणि त्या दिवसापासून ताईंचा हात चुकला नाही.

आता विहाराचं सांगते. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात संध्याकाळी वंदनेनंतर खीर वाटतात. सुजाताने बुद्धांना खीर दिली, म्हणून खीर. ती खीर वर्षानुवर्षं ताई करतात. मोठा पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, चुलाण्यावर चढतो, आणि दूध ओतायच्या आधी ताई तळाला थोडं पाणी घालतात, दूध लागू नये म्हणून. हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, कारण एकदा दुसऱ्या कोणी खीर केली होती आणि ती करपली होती. तेव्हापासून ताईंचं ते तळाचं पाणी म्हणजे कायदाच होऊन बसलंय.

यंदा मात्र ताईंना खिरीबरोबर आणखी काही वाटायचं होतं, आणि ते जनाबाईंसाठी.

जनाबाई तरुण असताना महूच्या गल्लीत पौर्णिमेला पोरांना ओळीने बसवायच्या. बुद्धांना ज्ञान मिळाल्यावर पहिलं अन्न दिलं ते रस्त्याने जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी, तपस्सु आणि भल्लिक यांनी. ते अन्न मधाचं होतं. ही गोष्ट सांगून झाली की त्या प्रत्येक पोराच्या करंगळीवर मधाचा थेंब ठेवायच्या. फक्त तो मध नसायचा. नवरा साधा शिपाई, खाणारी तोंडं पुष्कळ, मध कुठून आणणार? त्या गुळाचा पातळ पाक करायच्या आणि त्याला मध म्हणायच्या. इतकी वर्षं त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून परत आल्यावर मात्र एकच धोशा लावला. मी सकाळी पंचशील घ्यायचे, खोटं बोलणार नाही असं चौथं शील म्हणायचे, आणि संध्याकाळी त्याच तोंडाने लेकरांना गूळ मध म्हणून द्यायचे. एकदा खरा मध वाटून मरू दे मला.

आम्ही पुष्कळ समजावलं. मी तर म्हटलं, आजी, एवढ्याशा खोट्याने शील मोडत असेल तर आमच्या कॉलनीत कोणाचंच धड नाही. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ताईंनी समजावलं नाही. त्यांनी ठरवलं की पौर्णिमेला विहारात मध घातलेल्या रिकोटाच्या वाट्या वाटायच्या आणि आईच्या हातून पहिली द्यायची. पुढची पौर्णिमा आईला दिसेल की नाही, हे त्यांनी कोणाकडे बोलून दाखवलं नाही. मला मात्र भिंतीपलीकडून कळत होतं.

परवानगी मागायला आम्ही दोघी शंकररावजींकडे गेलो. ते विहार समितीचे अध्यक्ष, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मूळचे महूच्या त्याच गल्लीतले. बोलताना समोरचा माणूस कायम परेडला उभा आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देखो मंजुळाजी, परंपरा म्हणजे परंपरा. आज विदेशी केक आणाल, कल को कोणी पिझ्झा वाटेल. तुमचं काम खीर. बस."

ताईंनी आईचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असं मी रस्ताभर म्हणत राहिले. ताई म्हणाल्या, आईची लाज मी चौकात कशाला मांडू? हे मला पटलं, म्हणून मी आणखी चिडले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तरुण पोरांनी मोटरसायकलींची रॅली काढली. वैशाखाचं ऊन, म्हणून विहारात लिंबाचं शरबत केलं होतं. शंकररावजींनी स्वतः उभं राहून करवलं, काळं मीठसुद्धा स्वतःच्या हाताने टाकलं आणि चार लोकांना चाखायला लावून वाहवा घेतली. ते शरबत केलं होतं खिरीच्या गंजात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी विहारात पोचलो तर चुलाणं पेटलेलं, दूध चढलेलं आणि शंकररावजी कमरेवर हात ठेवून उभे. दूधवाला लवकर आला म्हणून मीच ओतून घेतलं, तुमचा वेळ वाचवला, असं म्हणाले. ताई गंजाजवळ गेल्या. दूध अजून उकळलंही नव्हतं आणि त्याच्यावर बारीक कणी दिसायला लागली होती. बघता बघता सगळं दूध फाटलं.

तिथे मग जे झालं त्याला गोंधळ हेच नाव. शंकररावजींनी फोन लावून दूधवाल्याला झाप झाप झापलं. बासी दूध दिलंस, पौर्णिमेच्या दिवशी धोका दिलास, पुढच्या महिन्यापासून विहारात पाय ठेवू नकोस. तो बिचारा पलीकडून शपथा घेत होता. मग जमलेल्या सगळ्यांना ऐकवलं की दूधवाल्याने घात केला. सियागंजच्या बाजारातून पेढ्यांची पाकिटं आणा, म्हणाले, दुसरा इलाज नाही.

ताई तोवर झाऱ्याने फाटलेलं दूध हलवत होत्या. झाऱ्यावर काहीतरी आलं. त्यांनी ते बोटाने उचललं आणि मला दाखवलं. लिंबाची बी होती.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बर्फ वितळून तळाला उरलेलं शरबत सकाळच्या अंधुक उजेडात पाण्यासारखं दिसलं असणार. शंकररावजींना वाटलं, मंजुळाबाई रात्रीच गंज धुऊन तळाला पाणी घालून गेल्या. आणि त्यांनी त्यावर दूध ओतलं. इंदूरच्या स्वच्छतेवर रोज भाषण देणाऱ्या माणसाने गंजात नाक घालून एकदा वाससुद्धा घेतला नाही! मी तोंड उघडलंच होतं. ताईंनी माझा दंड धरला. ती बी पदराच्या टोकात बांधली आणि शंकररावजींना म्हणाल्या, "दूध वाया नाही गेलं. खीर होणार नाही, पण संध्याकाळी वाट्या भरलेल्या असतील. मला फक्त लिंबं, रवा आणि चार बाया द्या."

आवाज चढला नव्हता. पण त्या आवाजात विचारणं नव्हतंच, सांगणं होतं. शंकररावजी गळ्यापर्यंत अडकलेले. नाही कसं म्हणतील? हो म्हणाले.

मला सियागंजात पिटाळलं. बदाम, पिस्ते, अक्रोड आणि मध. मधाबद्दल ताईंनी बजावलं होतं की चाखल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि पाकाचा वास आला तर दुकान बदलायचं. मी चार दुकानदारांशी भांडून पाचव्याकडून मध घेतला. माझा स्वभाव आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडला.

परत आले तर ताईंनी आणखी लिंबू पिळून दूध पुरतं फाडून घेतलं होतं. बाया फडक्यातून गोळा उचलत होत्या आणि जी पिळायला जाईल तिच्या हातावर ताई हलकेच चापट देत होत्या. राहू द्या पाणी, राहू द्या. मग त्यात साखर, थोडा रवा, साय, लिंबाच्या सालीचा कीस. साचे नव्हते, पण खिरीच्या स्टीलच्या वाट्या होत्या, दरवर्षीच्याच. त्यांना तूप लावून भरल्या आणि परातींत मांडल्या.

एवढ्या वाट्या घरच्या ओव्हनमध्ये भाजायच्या तर दोन पौर्णिमा लागल्या असत्या. पण आमच्याकडे दिवाळीत नानकटाईचे डबे घेऊन बायका बेकरीत जातात, तसे आम्ही पराती घेऊन दिनानाथच्या बेकरीत गेलो. दिनानाथची टोस्टची भट्टी दुपारी थंडावत आलेली असते. त्याने एका परातीवरचं फडकं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "भाभीजी, नानकटाईच्या मोसमाला अजून टाइम आहे ना?" ताई म्हणाल्या, भट्टी अशीच मंद ठेव आणि दार सारखं उघडू नकोस. मग स्टूल घेऊन भट्टीसमोर बसल्या. उन्हाने आणि भट्टीने चेहरा लाल झाला होता, पण मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसातल्या निरोपाच्या दिवशीसुद्धा नाही. वाट्या निघाल्या त्या कडेने बदामी, मधोमध जराशा थरथरणाऱ्या. गरम असतानाच वरून मध सोडला, सुकामेवा टाकला.

संध्याकाळी वंदना झाली, त्रिशरण, पंचशील झालं. मग ताई माइककडे गेल्या. त्या कधी माइकवर बोलत नाहीत. त्यांनी दोन व्यापाऱ्यांची गोष्ट सांगितली, थोडक्यात, आणि म्हणाल्या की ही मला माझ्या आईने सांगितली. एवढंच. जनाबाई पहिल्या ओळीत खुर्चीवर होत्या. पहिली वाटी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती समोरच्या सर्वांत लहान पोरीला दिली. पोरीने बोट बुडवून मध चाटला आणि हसली. मी तिथे रडले, सांगायला लाजत नाही.

शंकररावजींनी वाटी घेतली ती शेवटी. पहिला घास खाल्ला आणि मान डोलावली. दुसरा घास तोंडात घेऊन मात्र ते थांबले. त्या गोडात काळ्या मिठाची पुसट चव होती. आम्हाला ती बरी लागली होती, मधाला उठाव आणणारी. पण ते मीठ ज्याने स्वतःच्या हाताने टाकलं होतं, त्याला ते कुठून आलं हे सांगावं लागलं नाही. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई रिकाम्या पराती एकात एक बसवत होत्या.

तेवढ्यात जनाबाईंनी त्यांना हाक मारली. वस्तीत त्यांना एकेरी हाक मारणारं आता एकच माणूस उरलं आहे.

"शंकऱ्या, इकडे ये. महूला तुला मी मध द्यायची ना, तो गुळाचा पाक होता रे. खोटं बोलले मी."

शंकररावजी खुर्चीजवळ खाली बसले. मग म्हणाले, "काकू, आमच्या घरी तेव्हा गूळही नसायचा. मी वर्षभर त्या थेंबाची वाट पाहायचो. माझ्यासाठी तो मधच होता."

मग ते उठले आणि नेहमीसारखे ताठ चालत माइककडे गेले. मला वाटलं, आता आभारप्रदर्शन आणि समितीचं कौतुक. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की सकाळी दूधवाल्याला मी सर्वांसमोर नावं ठेवली, ती माझी चूक होती. गंजात कालचं शरबत होतं आणि दूध मी ओतलं होतं. उद्या मी त्याच्या घरी जाऊन माफी मागीन. कोणी हसलं नाही. ते खाली उतरले तेव्हा मलाच त्यांच्यासाठी पाणी न्यावंसं वाटलं, आणि मी नेलं.

जनाबाईंना नीट ऐकू आलं नव्हतं. काय म्हणाला शंकऱ्या, असं त्या विचारत होत्या. ताईंनी कानाशी वाकून सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली, आणि मग तिचं ते बिनदातांचं तोंड हळूहळू हसायला लागलं. "चला," म्हणाल्या, "मी एकटीच नव्हते तर." आणि वाटीत उरलेला मध करंगळीने पुसून घेतला.

शंकररावजी जाताना ताईंजवळ थांबले. पुढल्या वर्षी खीरही करा आणि हेही करा, असं म्हणाले. ताईंनी पदराची गाठ सोडली, लिंबाची बी काढली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"करीन," त्या म्हणाल्या. "पण गंज मी धुईन."