आईचा चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट

मित्रांनो, अमरावतीत दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितोय.

आठ वर्षांपूर्वी आईच्या हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि तिचा डोस बरोबर आहे का ते पाहायला दर महिन्याला आयएनआरची रक्ततपासणी. त्यासाठी अचलपूरहून एसटीने अमरावतीला यावं लागतं. मी अकोल्याला नोकरीला. फोनवर विचारलं की आई म्हणायची, “केली ना. बरोबर हाये.”

आज सकाळी तिची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टरांनी फाइल मागितली. शेवटचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा निघाला. गोळीचा डोस कमी पडून झडपेवर झालेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती.

बाबांना म्हटलं, “काहून नाई सांगतलं मले?”

ते खाली बघत म्हणाले, “तिले बसमधी लय उलट्या होत. म्हने, पोराले सांगू नका, सुटी टाकून येईन थो.”

आलो असतो. खरंच आलो असतो.

आत गेलो तर तिने डाव्या हाताने माझा हात धरला. काहीतरी सांगायला गेली, पण शब्द फुटला नाही.

तुमच्या घरी कोणी ही गोळी घेतं का? मी नुसतं विचारत राहिलो. तुम्ही रिपोर्टचा फोटो मागवाल का, आजच?