सुभेदाराचा कोट

"उलटी बाजू दाखवा. सुलटी सगळ्यांनाच दिसती," असं म्हणत मास्तर समोर आलेला कोट आधी अस्तराकडून बघत.

भिंगारच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. उमेदीच्या काळात त्यांनी फौजेचे गणवेश शिवले, त्यांवर बिल्ले आणि फिती लावल्या. म्हातारपणी मशीन सुटली, पण नजर राहिली. कुणी जुना कोट आणला, की तो कुठल्या हुद्द्याचा, साधारण कुठल्या काळातला, हे ते दोऱ्यावरून सांगत. इतिहास शाळेत मी शिकवायचो, तरी लोक मास्तर म्हणायचे ते त्यांना. मी नुसता 'सर'.

एकदा घोडेगावचे एक गृहस्थ जरीच्या फितींनी मढवलेला लाल कोट घेऊन आले. पणजोबा लष्करात मोठे अधिकारी होते म्हणाले. मास्तरांनी फितीवरून बोट फिरवलं, कॉलर उलटून पाहिली आणि हळूच विचारलं, "घरात कुनी वाजवायचं का?" कोट लग्नातल्या बँडचा होता. गृहस्थांचा चेहरा उतरला. तेव्हा मास्तर म्हणाले, "फौजेतल्या कोटानं मानसं मारली असती. ह्यानं नाचवली. वाईट काय हाय त्यात?" गृहस्थ हसत परत गेले.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला खरं काय ते कळतं आणि ते कुणाला किती सांगावं हेही कळतं. मला त्यातलं दुसरं कळलं नाही.

आमच्या शाळेत जुन्या सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मिरजगावच्या एक आजी वडिलांचा खाकी कोट घेऊन आल्या. वडील सुभेदार होते, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. कोटाच्या दोन्ही खांद्यांवर सुभेदाराला असतात तसे दोन-दोन पितळी तारे होते. मी त्यांना मास्तरांकडे घेऊन गेलो. मास्तरांनी कोट बराच वेळ न्याहाळला आणि फार जपलाय म्हणाले, एवढंच.

आजी एसटीला गेल्यावर मात्र त्यांनी मला बाही दाखवली. रंग उडालेल्या खाकीवर दोन फितींची गडद खूण राहिली होती. फिती दोन म्हणजे नायक, सुभेदाराच्या पुष्कळ खालचा हुद्दा. शिवाय खऱ्या सुभेदाराच्या खांद्याला ताऱ्यांसाठी भोकं पाडलेली असतात. इथे तारे साध्या दोऱ्याने टाचलेले होते.

"हा टाका फौजेतला न्हाई, सर," मास्तर म्हणाले. "घरच्या बाईचा हाय. आजीच्या आईनं घातला असंल. सरकारनं दिलं न्हाई ते तिनं दिलं. कोटाखालच्या चिठ्ठीवर नुसतं नाव लिवा. हुद्दा नका लिवू."

मी हो म्हटलं.

प्रदर्शनाला एक निवृत्त लष्करी अधिकारी पाहुणे म्हणून यायचे होते. नुसतं नाव लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मला जाणकार दिसायचं होतं. मी चिठ्ठीवर लिहिलं: 'कोट नायकाचा. खांद्यावरचे तारे नंतर जोडलेले.'

पाहुण्यांनी चिठ्ठी वाचली, बाही पाहिली आणि माझ्या नजरेचं कौतुक केलं. मास्तरांचं नाव मी घेतलं नाही. तेवढ्यात आजी सुनेला घेऊन आल्या. सुनेने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि शेवटच्या शब्दांवर तिचा आवाज बारीक झाला. आजींनी कोट काढला, घडी घातली आणि त्या निघून गेल्या. मी पाहुण्यांपाशीच उभा राहिलो.

पुढचं मला मास्तरांच्या शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. आजी तिथून थेट दुकानात गेल्या होत्या. मास्तर त्यांना म्हणाले, सरांचा दोष न्हाई, त्यांना मीच तसं सांगितलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माझी चूक झाली. तुमचे वडील सुभेदारच हुते.

एकदा असं म्हटल्यावर ते त्यांना निभावावं लागलं. त्यानंतर कुणी कोट आणला, की ते हात जोडत आणि आता दिसत नाही म्हणत. हळूहळू लोक यायचे थांबले. मी आठवड्यातून एकदा तरी जायचो, माफी मागायची असं ठरवूनच. ते चहा सांगायचे. आम्ही पाऊसपाणी, कांद्याचे भाव बोलायचो आणि मी उठायचो. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. पुढे ते बेलापूरला मुलीकडे राहायला गेले, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर मी मिरजगावला गेलो. चूक मास्तरांची नव्हती, हे निदान आजींना सांगावं, असं मनात होतं. कोट भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला होता, तारे घासूनपुसून लख्ख केलेले. मास्तर गेल्याचं मी सांगितलं.

"चांगला मानूस हुता," आजी म्हणाल्या. "चुकलो म्हनला तोंडावर. त्याला बी काळीज लागतं, सर."

मी म्हटलं, "हो, लागतं." आणि सुनेने पुढे केलेला चहा घेतला.