तिसरी पिन

मामा दुकानात आले की आधी काहीतरी उचलायचे. काउंटरवर जे असेल ते, पंख्याचा रेग्युलेटर म्हणा, स्टेपलर म्हणा, नाहीतर माझा चहाचा ग्लास. वस्तू तळहातावर घेऊन डोळे अर्धवट मिटायचे, मनगट दोनदा खालीवर हलवायचे आणि निकाल द्यायचे. "जड हाय तं खरं हाय." वस्तू हलकी निघाली तर काही न बोलता परत ठेवायचे, पण अशी ठेवायचे की ती विकणाऱ्यालाच ओशाळं वाटावं.

माझं बॅटऱ्यांचं दुकान समुद्रपूरला, एसटी स्टँडच्या रस्त्यावर आहे. गावाच्या नावात समुद्र असला तरी इथे खपतात त्या ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. बोटीसाठी काही मागणारं गिऱ्हाईक इतक्या वर्षांत एकच आलं, ते मामा. दहा-बारा किलोमीटरवरच्या धरणात ते जाळी टाकायचे आणि आठवडी बाजारात मासे विकायचे. नात्याने माझे कोणी नव्हते. सगळा बाजार मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो.

माझ्या मुलीच्या बारशाला ते आले होते. लोकांनी बाळाला पाहिलं, यांनी हातावर तोललं. "तीन किलो, वर दोनशे." माझी बायको चिडली, मासळी आहे का म्हणाली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या काट्यावर पोरगी तीन किलो अडीचशे भरली. मी मामांना हसत सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "पन्नास गिराम झबल्याचे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवतात आणि ती गोष्ट त्यांना सहसा दगाही देत नाही. म्हणूनच त्यांना समजावणं कठीण जातं.

दोन वर्षांपूर्वी मामांचा उजवा खांदा गेला. वल्हं ओढवेना. जावयाने बॅटरीवर चालणारी छोटी मोटर मागवून त्यांच्या पत्र्याच्या डोंग्याला मागून बसवून दिली. बॅटरी माझ्याकडून नेली. पण ती रोज उचलून गावात न्यायची कशी? खांदा तर आधीच कामातून गेलेला. तेव्हा ती काठावर, डोंग्यातच चार्ज करायची असं ठरलं. काठाला लागून एका शेतकऱ्याच्या पंपाची खोली होती, तिथून वायर ओढता येत होती. राहिला प्रश्न चार्जरचा.

मी दोन चार्जर समोर ठेवले. एक प्लास्टिकच्या पेटीतला, ऑटोमॅटिक. बॅटरी भरली की आपोआप बंद होतो आणि ओल्या हाताने पेटीला हात लागला तरी भीती कमी. दुसरा जुन्या पद्धतीचा, लोखंडी पेटीचा, काटा असलेला, चालू केला की गुणगुणणारा. मामांनी प्लास्टिकचा उचलला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना रिकामा डबा विकतोय. मग लोखंडी उचलला. खांद्यातली कळ सोसून दोन्ही हातांनी उचलला, आणि तोंडावर समाधान पसरलं.

"याच्यात माल हाय," ते म्हणाले.

माल होताच. आमच्या धंद्यातही जड चार्जर म्हणजे आत तांबं भरपूर, हे खोटं नाही. मी पाण्याच्या गोष्टी सांगितल्या, ओलाव्याच्या सांगितल्या, पण जोर लावून सांगितल्या नाहीत. खरं बोलायचं तर तो लोखंडी चार्जर दोन वर्षं माझ्या फळीवर धूळ खात पडला होता. मी तो विकला. जाताना बजावलं, चार्जर कोरड्या जमिनीवर ठेवा आणि तीन पिनांच्या सॉकेटातच लावा. ते "बरं" म्हणाले. मामा सगळ्यांनाच "बरं" म्हणायचे. डॉक्टरला, जावयाला, मामीला. ऐकायचे मात्र स्वतःच्या हाताचं.

त्यानंतर मला उगाच चुटपुट लागून राहिली. बाजाराच्या दिवशी ते दिसले की बरं वाटायचं. एकदा डिस्टिल्ड वॉटर घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, चार्जर कसा आहे? "मस्त हाय. हात लावला का मुंग्या येते," ते कौतुकाने म्हणाले. माझ्या हातातली बाटली तशीच राहिली.

त्याच आठवड्यात त्या बाजूच्या गावात काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून धरणावर गेलो. भर दुपार होती, वारा नव्हता. डोंगा बाभळीला बांधलेला. पंपाच्या खोलीतून निघालेली वायर चिखलातून डोंग्यापर्यंत गेली होती आणि मधल्या जोडावर दुधाची पिशवी गुंडाळली होती. बॅटरीच्या चिमट्यांची वायर आखूड, म्हणून चार्जर डोंग्यातच आडव्या फळीवर ठेवलेला. तो गुणगुणत होता. त्या गुणगुणीने पत्रा थरथरत होता आणि डोंग्याभोवतीचं पाणीही बारीक थरथरत होतं. मला तिथे उभं राहवेना.

पंपाच्या खोलीतला बोर्ड दोन भोकांचा निघाला. मामांनी प्लगची तिसरी पिन पक्कडीने मोडून टाकली होती.

मी त्यांना समजावलं की एरवी त्या पिनेतून काही वाहत नाही. पण पेटीत करंट उतरला तर ती तो जमिनीत नेते, नाहीतर तो माणसातून जातो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जे काहीच वाहून नाई राह्यलं," ते म्हणाले, "ते काऊन लटकवून ठेवा?"

मी हाताची उलटी बाजू पेटीला लावली. कोपरापर्यंत झणका आला. मामा हसले आणि म्हणाले, जोर हाय त्यात. मी धावत जाऊन प्लग काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. रविवारी मी स्वतः येतो, म्हटलं. तीन भोकांचा बोर्ड बसवतो, खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा पाइप गाडतो. तोवर याला हात लावायचा नाही. चार्जर सोबत नेतो म्हणालो, तर ते पेटीवर हात ठेवून बसले. सोमवारच्या बाजाराचं कसं, म्हणाले. मी चार्जर त्यांच्याजवळ सोडला. त्यावर ते "बरं" म्हणाले, आणि मला तो "बरं" नेहमीचाच वाटला.

रविवारी मी गेलो नाही. काम नव्हतं, पाहुणे नव्हते. ऊन होतं. जेवलो आणि कूलरसमोर आडवा झालो. असंही मामा थोडेच ऐकणार आहेत, ते तर कधीच लावून बसले असतील, असा विचार करून झोपलो. पाइप, मीठ, कोळसा, सगळं गाडीच्या डिक्कीत होतं.

मंगळवारी मासे विकणारी एक बाई दुकानापुढून जाताना सांगून गेली. सोमवारी पहाटे मामा चिमटे काढायला वाकले होते. एक पाय डोंग्यात होता, एक पाण्यात.

मामांची तेरवी झाल्यावर मी धरणावर गेलो. डोंगा आता जावई चालवणार होता. तो बोर्ड बसवायला पंपाच्या खोलीत गेला आणि मी काठावर खड्डा खणायला घेतला. मामी बाभळीखाली बसल्या होत्या. मी मान वर करत नव्हतो. पाइप उभा केला, भोवती कोळसा टाकला. खड्ड्याला पाणी लागतं म्हणताच त्या उठल्या आणि धरणातून बादली भरून घेऊन आल्या.

मी म्हणालो, मामी, मी मामांना किती बजावलं होतं.

"हो ना," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "इतवारी त्यायनं लावलाच नाई, भाऊ. तुम्ही येनार म्हनून दिवसभर अठीच बसून होते. जेवाले बी नाई आले घरी. अंधार पडला, मंग म्हने, उद्या बजार हाय."

मी मिठाची पिशवी फोडली. मामी बादली धरून उभ्या होत्या, किती ओतू विचारत होत्या, आणि मला सांगता येत नव्हतं.