डोंगर अडवणारी मावशी

भातखाचरातली ओली माती मुठीत घ्यायची, बोटांमधून ओघळू द्यायची आणि समोरच्या डोंगराकडे हनुवटी उडवून म्हणायचं, "ह्यो बघा, ह्यो हितं येऊन बसलाय." मावशीकडे पाहुणा आला की चहाच्या आधी हा कार्यक्रम ठरलेला. पाहुणा गोंधळला की मावशी खूश.

दोन हजार सालच्या सुमारास माझी बदली रिहे खोऱ्यातल्या शाळेवर झाली आणि मी मावशीच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले. मी लातूरकडची. आमच्याकडे पावसाची मनधरणी करावी लागते. इथे तो चार महिने डोंगर खरवडत असतो आणि ओढे खाली माती वाहून नेत असतात. मावशीने त्यातलीच थोडी ओढ्याच्या हातातून काढून घेतली होती.

"लगीन होऊन आले तवा हितं नुसतं गोटं व्हतं," ती सांगायची. मग नवरा-बायकोने ओढ्याच्या पात्रात ताल घातली. ताल म्हणजे आडवा रचलेला दगडी बांध. पाणी त्याच्यापाशी थबकतं, गाळ टाकतं आणि पुढे जातं. उन्हाळ्यात तालीवर दगडांचा थर चढवायचा, पावसाळ्यात ओढ्याने मागे गाळ भरायचा. त्या ताज्या गाळात कोणी पाय घातला की मावशी खेकसायची. नवरा गेला तरी मावशीचे दगड चालूच राहिले. मी आले तेव्हा त्या गाळावर भात डुलत होता. मला त्या शेताकडे बघून खरोखर अंगावर काटा यायचा. डोंगर, पाऊस आणि दोन माणसं, एवढ्यांनी मिळून जमीन जन्माला घातली होती.

"नकाशात हितं अजून वढाच हाय," हे मावशी मोठ्या तोऱ्यात सांगायची.

एकच गोष्ट राहिली होती. खाचराचा वरचा कोपरा अजून गोट्यांचाच होता. तो भरला की सगळं शेत एका पातळीत येणार होतं. त्या कोपऱ्यात आपल्या हाताने भात लावायचा, एवढं एकच मावशीच्या मनात होतं.

अशात वरचा उतार विकला गेला. फार्महाउससाठी रस्ता कापायला जेसीबी आला. गावात जो तो कुरकुरत होता आणि मावशी मात्र हरखून गेली होती. चालकासाठी भाकरी-कालवण घेऊन ती स्वतः वर गेली.

"बाबा, सुटलेली माती वढ्याच्या अंगाला लोट," तिने त्याला सांगितलं. "खाली मी हाय."

त्या उन्हाळ्यात तिने ताल आणखी कमरेइतकी उंच केली. मलाही दगड उचलायला लावले. मी धापा टाकायला लागले की म्हणायची, "शाळंत पोरं वळायचं सोपं हाय व्हय? त्यापरीस दगड गरीब."

भाताची लावणी झाली आणि पाऊस पेटला. दुपारी ओढा लाल झाला. पाण्याखालून गोटे गडगडत येत होते आणि पायाखालची जमीन थरथरत होती. पाऊस ओसरल्यावर आम्ही पाहिलं, तर ताल काठोकाठ भरली होती. वरचा कोपराही भरला होता. पण वर होता तो मुरूम. लावलेला भात त्याच्याखाली गेला होता. एवढा पाऊस होऊनही त्यावर पाणी ठरत नव्हतं, सगळं झिरपून जात होतं.

मावशीने मूठभर उचलून दाबून पाहिलं. मूठ वळेना.

"ही माती न्हाई," ती म्हणाली. "हे डोंगराचं हाड हाय. आन बोलवलं मीच."

 तिसऱ्या दिवशी ती पहार घेऊन ताल मधोमध फोडायला निघाली. शेजारी धावत आले. मुरमाखाली जन्मभराची माती आहे, तीही जाईल, असं सगळ्यांनी समजावलं.

"जाईल की," मावशी म्हणाली. "पन मढ्यावानी पुरून ठिवू व्हय तिला?"

दगड निघाले. ताम्हिणी घाटाकडून पाऊस चढत आला आणि ओढ्याने वाट धरली. आम्ही दोघी डोक्यावर इरली घेऊन काठावर बसलो. तासाभरात ओढ्याने मुरमात घळ पाडली. दोन्ही बाजूंचे कडे ढासळून पाण्यात पडत होते. पाण्याचं एवढं बळ मी पूर्वी पाहिलं नव्हतं. भीती वाटत होती आणि नजरही हटत नव्हती. मग हळूहळू लाल पाणी काळं झालं; मुरमाखालची जुनी माती सुटली होती.

"ती बघा," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "ती आमच्या ह्यांच्या हातची."

मला रडू आलं. ती नुसती बघत राहिली, घरच्या माणसाला एसटीत बसवून दिल्यावर बघतात तशी.

पुढच्या उन्हाळ्यात तळाच्या खडकावर तिने पुन्हा दगड मांडले. गुडघ्याएवढीही ताल नव्हती. हे भरणार कधी, असं मी विचारलं.

"तुमाला कसली घाई? तुमची तर बदली व्हनार," ती म्हणाली आणि पुढचा दगड बसवला.

बदली झालीच. मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेले. वरच्या उतारावर बंगले झाले होते आणि कापलेल्या कडांवर गवत धरलं होतं. ओढा नितळ होता. ताल तेवढीच बुटकी, पण तिच्यामागे काळा, मऊ गाळ साठला होता. मी चपला काढून आत पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत रुतला. ताज्या गाळात पाय घातला म्हणून माझ्यावर खेकसायला कोणी आलं नाही.