सुनंदाचं वर्तुळ

स्पिरिटच्या कापसाचा वास आला की मला माकणीतली ती सकाळ आठवते आणि स्वतःचाच राग येतो.

कुष्ठरोग काही घराण्यांतच का शिरतो, हे रक्तातून शोधायचं माझं काम. माकणीचे तात्या त्या रोगातून बरे झालेले. त्या दिवशी त्यांची ओसरी माणसांनी भरली होती. भाऊबंद आयतेच सापडले म्हणून मी खूश! पोहे खात बसलेल्या एका गृहस्थांना म्हणाले, "हात पुढं करा. तुमच्या घराण्यात कुष्ठरोग आहे ना, सगळ्यांचं रक्त घेतेय."

त्यांनी बशी खाली ठेवली. पाच मिनिटांत ओसरी रिकामी झाली.

"पाव्हणे व्हते ते, मॅडम," तात्या म्हणाले. "तामलवाडीहून सुनंदाला बघाया आलते."

नव्या साडीतली त्यांची नात बाहेर आली. हात पुढं करून म्हणाली, "घ्या आता माझं बी."

मी घेतलं. नळीवर नावही लिहिलं.

त्याच घराण्याच्या वंशावळीच्या तक्त्यावर मी पुढं प्राध्यापक झाले. त्यात प्रत्येक बाईसाठी एक वर्तुळ असतं; सुनंदाचं वर्तुळ कोरं आहे, म्हणजे निरोगी. लग्न झालं की वर्तुळाशेजारी आडवी रेघ ओढतात. तिच्या वर्तुळाशेजारी ती ओढायची वेळ कधी आलीच नाही.