आतून लावायची कडी

माझं बालपण निपाणीत गेलं आणि निपाणीला रेल्वे नाही. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईची मी मुलगी. आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती बी.एड.साठी बेळगावला आल्यावर. पुढे नोकरी लागली तीही रोज गाडीने जायची. आई म्हणाली, "फिटंल आता तुजी हौस." दोन आठवड्यांत फिटली.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावात भाड्याच्या एका खोलीत राहायचे आणि सकाळच्या गाडीने लोंढ्याच्या वाटेवरच्या एका लहान गावी मराठी शिकवायला जायचे. ती खोलीही किती उंबरे झिजवून मिळाली होती. घरमालकिणी आधी पाणी विचारीत, मग आडनाव विचारीत, आणि आडनाव कळलं की खोली कालच दिल्याचं त्यांना आठवे. शाळेत कुणी वाईट वागलं असं म्हणणार नाही. पण मधल्या सुट्टीत डबे उघडले की माझ्या टेबलाकडे कुणी खुर्ची ओढून येत नसे. डब्यातली भाजी कशी झालीय हे मी तीन वर्षं फक्त स्वतःलाच सांगितलं.

त्या गावचं स्टेशन इंग्रजांच्या वेळचं. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौलं आणि एका टोकाला बायकांची वेटिंग रूम. आत सागवानी लांब बाक, डाग पडलेला आरसा आणि दाराला आतून लावायची पितळी कडी. रूळ एकेरी होते. संध्याकाळी बेळगावकडे जाणारी माझी गाडी आणि लोंढ्याकडे जाणारी गाडी याच स्टेशनात एकमेकींना वाट देत. एकीला उशीर झाला की दुसरी आपोआप खोळंबायची, आणि एकीला उशीर हा व्हायचाच. तो तास-दीड तास मी त्या खोलीत काढायचे. रानाकडच्या गावांतून बाजाराला आलेल्या बायका लोंढ्याकडची गाडी धरायला तिथेच बसलेल्या असत.

आत आलं की शेवटची बाई कडी लावायची, हा तिथला रिवाज. कडी लागली की खोलीचं घर व्हायचं. कुणी पोराला पाजायला घेई, कुणी दिवसभराचा अंबाडा सोडून आडवी होई, कुणी पाठ करून लुगडं बदली. आणि सगळ्यांत थोरली होती ती आक्का गाठोड्यातली पानं काढून पत्रावळी टाचायला बसे. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "जेवलीस काय गं बाई?" आडनाव नाही, जेवलीस का! मी नाही म्हणून मान हलवली तर तिनं भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला, वर चटणी. मला रडू आलं ते मी चटणीवर ढकललं.

पुढे पानाला काडी कशी घालायची तेही तिनं शिकवलं. माझी पत्रावळ नेहमी एका बाजूला कलायची. "हिच्यावर आमटी वाडली तर पंगत उटून पळंल," आक्का म्हणायची आणि खोलीभर हसू पसरायचं. दिवसातून तेवढा एक तास मी कुणाची तरी होते.

मग एके दिवशी स्टेशनात सूचना लागली. स्टेशन नवं करायचं ठरलं होतं. पुढचं आवार, तिकिटाची खिडकी, बसायच्या जागा, सगळंच. नकाशा टांगला होता आणि गावकऱ्यांनी महिनाभरात आपल्या सूचना द्याव्यात असं लिहिलं होतं. मी नकाशा नीट पाहिला. बायकांच्या खोलीची भिंत त्यात नव्हतीच. सगळ्यांसाठी मिळून एकच मोठा हॉल दाखवला होता.

गावात समिती झाली. निवृत्त वकीलसाहेब अध्यक्ष, कन्नड शाळेचे हेडमास्तर, चार-पाच व्यापारी, आणि बाईमाणूस हवं म्हणून मी. मी खोलीत ही बातमी सांगितली तेव्हा आक्का पान टाचायची थांबली. "आमची खोली तेवडी ऱ्हाऊ दे म्हनून सांग गं बाई. दुसरं काय बी नगं. आनि कडी आतनंच ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, सांगते. सगळ्यांच्या देखत म्हटलं.

समितीच्या बैठका म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पहिल्या बैठकीत प्रश्न निघाला की नव्या स्टेशनात आतल्या पाट्या कुठल्या भाषेत, आणि पुढच्या दोन बैठका तो प्रश्न कुठे हलला नाही. वकीलसाहेब मराठीसाठी टेबल बडवायचे, हेडमास्तर कन्नडसाठी छत्री आपटायचे, आणि चहा आला की दोघं एकाच बशीतली भजी खायचे. आमच्या मुलखात दुसरं काय होणार? पाणी कुठे, सावली कुठे, बसायचं कुणी कुठे, हे कुणी काढलंच नाही. माझी सूचना कागदावर लिहिलेली होती. मी प्रत्येक वेळी तो पर्समधून काढायचे आणि प्रत्येक वेळी घडी घालून परत ठेवायचे.

शेवटी रेल्वेचे साहेब आले. फलाटावर खुर्च्या मांडल्या होत्या, निम्मं गाव जमलं होतं. वकीलसाहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. पाटीचं तुम्हीच बोला. तुमच्यासारखं गावात दुसरं कोण बोलतं?" मला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं त्यांनी, आणि मी चढले. मनात म्हटलं, आधी पाटीचं बोलू, मग खोलीचं.

मी उभी राहिले. मातृभाषेवर बोलले, पोटतिडकीने बोलले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. आणि टाळ्या सुरू झाल्या. मधल्या सुट्टीत माझ्याकडे पाठ करून जेवणारे आमचे सरसुद्धा टाळ्या वाजवत होते. वकीलसाहेब म्हणत होते, "आमच्या बाई!" साहेबांनी हिंदीत विचारलं, "और कुछ?"

तेव्हा मला वेळ होता. वेळ नव्हता असं मी पुढे कित्येकांना सांगितलं, पण ते खरं नाही. कागद माझ्या हातात होता. पण तेवढ्या टाळ्यांनंतर बायकांच्या खोलीच्या कडीचा विषय काढायची मला लाज वाटली. 'आमच्या बाई' हे शब्द थोडा वेळ आणखी ऐकावेसे वाटले. मी "नाही" म्हटलं आणि खाली बसले.

आमची मागणी मान्य झाली. म्हणजे इतर भाषांच्या जोडीला काही पाट्या मराठीतही लागतील असं ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात भिंत पडली. कडी कुठे गेली कोण जाणे. हॉल झाला मोठा आणि हवेशीर. एका कोपऱ्यात सिमेंटचा बाक आणि त्याच्यावर पाटी, 'स्त्रियांसाठी राखीव'. मजकूर मीच लिहून दिला होता. ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिला होता.

त्या बाकावर पहिल्या दिवसापासून पुरुष बसले. मी गेले की एखादा उठून जागा करून देई, कारण मी भाषणवाली बाई होते. रानाकडच्या बायका मात्र आत आल्याच नाहीत. त्या फलाटाच्या टोकाला, मालधक्क्यापलीकडे उन्हात बसू लागल्या. मी पाटीखाली बसून वह्या तपासायचे. शाळेत आता सर नमस्कार करीत, पण खुर्ची अजून कुणी ओढत नव्हतं.

एकदा आक्का पाणी प्यायला हॉलमध्ये आली. मला पाहून थांबली. मी सरकून जागा केली, पण ती बसली नाही. पाटीकडे बघत तिनं विचारलं, "काय लिवलंय वं त्यात?"

मी वाचून दाखवलं. ही जागा बायकांची आहे असं लिहिलंय, असं समजावूनही सांगितलं.

आक्कानं बाकावर पाय पसरून बसलेल्या दोघा पुरुषांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"आदी कडी हुती न्हवं बाई," ती म्हणाली. "ती काय वाचाय यावं लागत न्हवतं."

आणि गाठोडं सावरत ती फलाटाच्या टोकाकडे गेली. त्या संध्याकाळी दोन्ही गाड्या वेळेवर आल्या.