सोमवारची बॅच

फोन अभिजितचा होता, आमच्या विभागातल्या निवासी डॉक्टरचा. "सर, मॅडम गेल्या," एवढंच म्हणाला. सवयीनं मी वेळ विचारली, जवळ कोण होतं ते विचारलं. त्याला आता महिना होईल.

सुलभा मॅडम मेडिसिनच्या प्राध्यापक. निवृत्तीनंतरही दर सोमवारी कोल्हापुरातल्या आमच्या रुग्णालयात येत राहिल्या, वॉर्डात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मुलांची बॅच घ्यायला. नाडी कशी धरायची, पोट कसं तपासायचं, एवढंच. विभागप्रमुख म्हणून मला हे पटत नसे. एवढ्या अनुभवी बाईंनी शेवटच्या वर्षाला अवघड केसेस शिकवाव्यात. पोट चाचपायला शिकवायचं तर निवासी डॉक्टर पुरेसे आहेत, मुलं त्यांच्यापुढे चुकायला लाजत नाहीत, असं माझं म्हणणं. त्यात तथ्य होतं आणि आजही आहे. पण मॅडम चंदगडच्या, आई तिथल्या शाळेत शिक्षिका, आणि आवाज असा की त्यांची कुजबुजसुद्धा ओपीडीच्या रांगेला ऐकू जावी. "सर, आमच्या आईला जन्मभर पहिलीचाच वर्ग दिला. का दिला, सांगा की! एकदा हाताला वाईट वळण लागलं, की सातवीच्या मास्तरानं डोकं आपटलं तरी अक्षर सुधारत न्हाय." मी म्हणायचो, ही काही पहिली नव्हे. "पहिलीच हाय," म्हणत त्या वॉर्डाकडे चालू लागायच्या.

त्यांचं शिकवणंही साधं. पेशंटच्या उजवीकडे स्टुलावर बसायचं, तळहात चोळून गरम करायचे, हात पोटावर ठेवायचा... आणि "हाताकडं नको, तोंडाकडं बघ." पोटात काय आहे ते बोटांना कळतं, दुखतंय का ते चेहरा सांगतो. कुणाची नजर खाली वळली की त्या हनुवटी धरून वर करायच्या.

या उन्हाळ्यात त्यांनाच यकृताचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या. त्यांची बॅच आता अभिजित घेत होता. एका सोमवारी मला बोलावून म्हणाल्या, पोरं माझ्या खाटेपाशी आणा. मी साफ नाही म्हटलं. "मग मला हितं ठिवून काय लोणचं घालतासा? लिव्हर हाताला लागतंय. असली केस पोरांस्नी कवा मिळायची?" त्यांच्यापुढे माझं कधी चाललं होतं?

अभिजितबरोबर मुलं आली, पण पुढे कुणी येईना. "या की, चावत न्हाय मी." शेवटी कबनूरची एक मुलगी स्टुलावर बसली. तळहात चोळले. एकेका श्वासासरशी तिचा हात वर सरकत बरगडीपाशी आला आणि थांबला.

"मॅडम, दुखलं का?"

मॅडमनी तर चकार शब्द काढला नव्हता. "कशावरनं?"

"भुवई हलली तुमची."

"कुणी शिकवलं हे?"

"अभिजित सरांनी."

मी मॅडमकडे बघून हसलो. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकला होता. "हसतासा काय? ह्याला कुणी शिकवलं ते बी विचारा की!" त्या गरजल्या आणि अख्खा वॉर्ड हसला. अभिजित तेवढा खिडकीबाहेर बघत राहिला.

मुलं गेल्यावर म्हणाल्या, "सर, तुम्ही न्हाय लावला हात." खरं होतं. मी त्यांचे सगळे रिपोर्ट पाहिले होते, हात लावला नव्हता. स्टुलावर बसलो, हात पोटावर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मॅडम घाबरल्या होत्या. फार घाबरल्या होत्या... रिपोर्टात ते कुठंच नव्हतं, आणि त्या आवाजात तर नव्हतंच. हात तसाच ठेवून मी बसून राहिलो.

त्या गेल्यावर ही बॅच कुणी घ्यायची, हा विषय विभागाच्या बैठकीत निघाला. अभिजित घेईल, असं मीच म्हणालो. तो घेतो, चांगली घेतो. मी आपला सोमवारी मागे उभा असतो. तिथं माझं काही काम नसतं. परवा एक मुलगा स्टुलावर बसला, पेशंटच्या पोटावर हात ठेवला आणि त्याची नजर खाली वळली. त्याच्या हनुवटीपाशी अभिजितचा आणि माझा हात एकदमच पोचला.